नाव बदनाम, गाव गुणाचं

कोणी वावरातून आल्या असाल, कोणी सातऱ्यावर दिवसभर मिरचीचे देठ खुडून हात चुरचुरत बसल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज मी कर्जाचा हप्ता किंवा हिशोबाची वही यावर बोलणार नाही. आज गावाच्या नावाबद्दल बोलू या.

बाईच्या पाठीशी नेहमी दोन गावं असतात. एक माहेरचं, एक सासरचं. पुरुषाला एकाच गावाचं नाव सांभाळायचं असतं, आपल्याला दोन्हींचं. म्हणून गावाला कोणी नावं ठेवली की ती आधी बाईला लागतात. "गडचिरोलीची हाय का? म्हणजे जंगलातली." "चंद्रपूरची? तिकडं तं नुसतं ऊन अन् धूर." "उमरेडले पोरगी द्याची? कोळशाची धूळ खाईन का थे?" हे बोलणं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बोलणारा हसून विसरतो. ऐकणारी मात्र माहेरचं नाव सांगताना आवाज खाली आणते.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. आपले काही गट तिखट, हळद, पापड, सांडगे बनवतात. पाकिटाचं डिझाइन ठरवायला बसलं की हमखास वाद होतो. एक बाजू म्हणते, "समोर मोठ्या अक्षरांत नागपूर लिवा. उमरेड म्हटलं की लोकायले कोळसा आठवते, मंग तिखट कोन घेईन?" दुसरी बाजू म्हणते, "आपलंच गाव आपण लपवाचं काय?" कायद्याप्रमाणे बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाकिटावर द्यावाच लागतो. म्हणजे गाव लपत नाहीच, फक्त मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जातं. आपलं गाव मागे बारीक अक्षरांत छापायचं, की पुढे ठळक? माझं मत मी शेवटी सांगते. आधी या बदनाम गावांकडे नीट पाहू.

सुरुवात घरापासून. उमरेडचं नाव घेतलं की लोकांना वेकोलिची उघडी खाण दिसते. खाण आहे, धूळ आहे, ट्रकची रांग आहे. ते नाकारायचं कशाला? पण उमरेडची जुनी ओळख कोळशाची नव्हतीच. इथल्या कोष्ट्यांच्या हातमागावर रेशीमकाठी धोतरं निघत आणि त्यांना दूरवर मागणी असे. मागावर बसणारा पुरुष दिसायचा, पण त्याच्यामागे सूत उकलणारी, कांड्या भरणारी बाईच असायची. मग मिरची. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली की ही मिरची या मातीचीच, हिचं नाव दुसऱ्यानं लावायचं नाही. आणि २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं. सुमारे १८९ चौरस किलोमीटरचं हे जंगल नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. नागझिऱ्याचा 'जय' नावाचा वाघ गावं, रस्ते, नद्या ओलांडून इथे आला आणि त्याला पाहायला देशभरातून लोक येऊ लागले. २०१६ साली तो दिसेनासा झाला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. कऱ्हांडला, गोठणगाव, पवनी या गेटांवर आजही गाड्या लागतात.

याला दुसरी बाजूही आहे. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईसाठी वाघ म्हणजे फोटो नव्हे, जिवाची भीती आहे. पर्यटक आपल्या रस्त्यानं येतो आणि आपल्याकडून एक पापडाचं पाकीटही न घेता परत जातो, हेही खरं. पण जे गाव एका हातानं विजेसाठी कोळसा देतं, दुसऱ्या हातानं मिरची देतं आणि शिवारालगत वाघ सांभाळतं, ते गाव "नुसती धूळ" या दोन शब्दांत मावत नाही.

आता इथून दक्षिणेला चंद्रपूरला जाऊ. उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत सगळ्यात वर चंद्रपूरचं नाव. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यातही चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. ही बदनामी कोणी खोटी पसरवलेली नाही. तिथल्या लेकरांच्या छातीत तो धूर जातो. पण त्याच शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे त्याचे चार मोठे दरवाजे. आणि आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे राणी हिराईची. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी पती बीरशहा मारला गेल्यावर या राणीनं राज्य चालवलं आणि नवऱ्याच्या आठवणीत देखणी समाधी बांधली. राजानं राणीसाठी बांधलेला ताजमहाल शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. राणीनं राजासाठी बांधलेली समाधी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, आणि आपल्यातल्या कितीजणींनी ती पाहिली?

या परकोटावर झाडंझुडपं वाढली होती, कचरा साचला होता. २०१७ साली इको-प्रो या संस्थेची तिथलीच मुलं-मुली फावडी, विळे घेऊन भिंतीवर चढली. रोज सकाळी काम. एक दिवस फोटोपुरतं नाही, शेकडो दिवस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मन की बात' कार्यक्रमात त्यांचा उल्लेख झाला. पण मला त्यातला उल्लेख मोठा वाटत नाही, रोजची सकाळ मोठी वाटते. आपल्या शहराला लोक काय म्हणतात याची वाट न पाहता ते कामाला लागले.

चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर तर आपल्या अगदी जवळचं. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांविरुद्ध पेटून उठलेलं हे गाव. त्याच चिमूरहून २०१० साली दारूबंदीसाठी बाया पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ साली सरकारनं ती उठवली. बंदी बरोबर की चूक, यावर आपल्यातही दोन मतं असतील. पण ज्या जिल्ह्यातल्या बाया घरचा प्रश्न घेऊन थेट उपराजधानीपर्यंत चालत जातात, त्या जिल्ह्याला "ऊन अन् धूर" एवढंच म्हणून चालेल का?

आता गडचिरोली. सरकारी नोकरदाराला तिथं बदली झाली की लोक विचारतात, "काय गुन्हा केला बाप्पा?" जिल्ह्याचा दोन तृतीयांश भाग जंगल, वर्षानुवर्षं नक्षलवादाच्या बातम्या. त्या हिंसेत पोलिसांची आणि गावकऱ्यांची, दोघांचीही घरं उद्ध्वस्त झाली. ते दुःख खरं आहे. पण त्याच जिल्ह्यातून देशानं काय घेतलं, ते ऐका.

आपल्याकडे बाळंतीण घरी आली की आशाताई तिसऱ्या दिवशी येते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करते, अंग गरम आहे का पाहते, नीट पितं का विचारते. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीच्या खेड्यांत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६पासून तिथं काम करतात. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत जन्मल्यानंतर महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २०११पासून भारत सरकारनं आशांमार्फत ही पद्धत देशभर सुरू केली. म्हणजे उमरेडच्या, पुण्याच्या, दिल्लीजवळच्या कुठल्या खेड्यातल्या बाळाला आज जी काळजी मिळते, ती "जंगलातल्या" बायांनी आधी करून दाखवली. आता कोणी "गडचिरोलीची का?" म्हणून नाक मुरडलं, तर एवढं एकच सांगा.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. तिथं ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक बाई जरी "मला पटलं नाही" म्हणाली तरी पुन्हा चर्चा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा परवाना त्यांच्या हातात आला. आपल्या गटाच्या बैठकीत चार बाया बोलतात आणि सोळा बाया अंगठा देतात, तेव्हा मेंढ्याची आठवण काढावी.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याच विदर्भाचं रडगाणं झालं. तसं नाही. साहेबाच्या देशातही असंच आहे. इंग्लंडच्या उत्तरेला मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ युद्ध पेटलं आणि तिथला कापूस बंद झाला, तेव्हा त्या भागातल्या गिरण्यांसाठी हिंदुस्थानचा कापूस मागवला गेला. वऱ्हाडातल्या, हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा सोन्याचे दिवस आले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या, गाव उतरणीला लागलं. २०१२ साली तिथल्या मुलींच्या शोषणाचा खटला गाजला आणि आज रॉचडेल म्हटलं की तिकडच्या लोकांना आधी तेच आठवतं. त्या मुलींवरचा अन्याय खरा आहे, तो झाकून गावाचं नाव उजळ होणार नाही.

पण याच गावात १८४४ सालच्या डिसेंबरात २८ गरीब माणसांनी, त्यात विणकर पुष्कळ, एकेक पौंड जमवून एक दुकान काढलं. दुकानात माल किती? लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. त्या काळी व्यापारी पिठात भेसळ करत आणि मापात मारत. यांनी ठरवलं : माल शुद्ध, वजन पुरतं, उधारी नाही, नफा सभासदांत खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, आणि प्रत्येकाला एकच मत, बाईलाही. ते नियम जगभरच्या सहकारी चळवळीनं उचलले. आपल्या दुधाच्या सोसायटीत आणि बचतगटाच्या वहीतही त्यांचा अंश आहे. त्या दुकानाची जागा आज संग्रहालय म्हणून जपली आहे.

आता पाकिटाकडे परत येते. माझं मत स्पष्ट आहे : गावाचं नाव पुढे, ठळक. पण एका अटीवर. नाव उजळतं ते छापल्यानं नाही, मापानं. रॉचडेलच्या लोकांनी गावाची जाहिरात केली नाही, पीठ शुद्ध दिलं. म्हणून पाव किलोच्या पाकिटात पाव किलोच भरा. तिखटाला रंग लावू नका. आणि बाहेरची स्वस्त मिरची दळून तिच्यावर 'भिवापुरी' लिहू नका. मानांकनाचं नाव वापरायला रीतसर नोंदणी लागते, आणि खोटं निघालं तर आपल्या गटासोबत त्या मिरचीच्या शेतकऱ्याचंही नाव जातं.

दुसरं, गावातली उणीव लपवू नका. धूळ उडते तर ग्रामसभेत, नगरपालिकेत जाऊन बोला, लेखी द्या, पोच घ्या. घरात उणीव बोलायची आणि बाहेर गुण सांगायचे. आपण बहुतेक वेळा उलट करतो : बाहेरच्यांपुढे गावाला शिव्या आणि ग्रामसभेत चूप.

तिसरं काम पुढच्या बैठकीसाठी. प्रत्येकीनं माहेरच्या गावाबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणाव्यात. तळं कोणी खोदलं, हातमाग किती होते, पहिली शिकलेली बाई कोण, कोणतं बियाणं फक्त तिथंच मिळतं. आजीला विचारा, सासूला विचारा. सचिव ताईंनी त्या वहीत लिहून घ्याव्यात. पाकिटाच्या मागच्या बाजूला जागा असतेच, त्यातली एक गोष्ट तिथं छापता येईल. आणि गटात एखादी नवी सून गडचिरोलीहून, चंद्रपूरहून आलेली असेल, तर तिला आधी बोलू द्या. ती माहेरचं नाव मोठ्यानं सांगेल, तेवढं आपण शांतपणे ऐकू.

तिखट दळताना नाकाला रुमाल बांधा, आणि हप्ता वेळेवर भरा.