साखळी करवत चालवताना अंगावर काय घालाल?



संत्र्याचा आंबिया बहार उतरला, की काटोल, नरखेड, वरुडच्या बागांतून सल काढण्याचे काम सुरू होते. वाळलेल्या फांद्या कापायच्या, पार गेलेले झाड बुंध्यापासून काढायचे, जमलेच तर धुऱ्यावरची बाभूळही छाटून घ्यायची. पूर्वी हे काम कुऱ्हाड, आरी आणि दोन गडी यांच्या जोरावर चालत असे. आता बऱ्याच घरी पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालणारी साखळी करवत, म्हणजे चेन सॉ, आली आहे. गावात तिला कोणी नुसतेच ‘कटर’ म्हणतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, अशा दिवसांत हे यंत्र घरी असणे सोयीचे आहे. यंत्राला माझा विरोध नाही. पण यंत्र घरी आले आणि त्याच्याबरोबर घालायचे सामान दुकानातच राहिले, असे मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. म्हणून आज त्या सामानाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना मळणीयंत्राचे, म्हणजे थ्रेशरचे, सुरुवातीचे दिवस आठवत असतील. पेंढी आत लोटता लोटता किती तरी जणांचे हात गेले. शेवटी १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला. हात आत जाऊ नये अशा रीतीने गव्हाण बनवायची, फिरत्या भागावर झाकण बसवायचे, हे कारखानदारावर बंधनकारक झाले. थ्रेशरच्या बाबतीत हे करता आले, कारण त्याची धार पेटीच्या आत असते. साखळी करवतीची धार बाहेर उघडी असते. ती झाकली तर लाकूडच कापता येणार नाही. तेव्हा एक गोष्ट मनात पक्की धरा. थ्रेशरचे झाकण यंत्रावर असते, करवतीचे झाकण माणसाला आपल्या अंगावर घालावे लागते. ते घातले नाही, तर आपण झाकण काढलेले यंत्र चालवत आहोत असे समजा.

ही जखम वेगळी का असते?

करवत पूर्ण रेसवर असताना तिची साखळी सेकंदाला साधारण २० मीटर धावते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, अमरावती रस्त्यावरून एस.टी. धावते त्या वेगाने. कुऱ्हाडीचा घाव चिरतो. साखळीचे दात चिरत नाहीत, मांस खरवडून उडवून नेतात. त्यामुळे जखमेच्या दोन कडा जुळवणे डॉक्टरांना अवघड जाते. शिवाय भुसा, तेल आणि कापडाचे धागे आत जातात, ते वेगळेच.

अमेरिकेत दर वर्षी सुमारे ३० हजार माणसे करवतीच्या जखमा घेऊन दवाखान्यात येतात. त्यांत सर्वांत जास्त जखमा पायाला, मांडीपासून गुडघ्यापर्यंत होतात. त्यानंतर डावा हात येतो. याचे कारण सरळ आहे. उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या मुठीवर. फांदी तुटली, की वजन सुटते आणि फिरती करवत खाली पायाकडे येते.

दुसरा धोका उलट्या झटक्याचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला, तर करवत क्षणात वर उसळून तोंडाकडे, मानेकडे येते. ती येताना दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. नवीन यंत्रांना पुढे चेन ब्रेक असतो. तो चालतो की नाही, हे रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावे.

पायापासून सुरुवात करा

सामान विकत घेताना बहुतेक जण आधी चष्मा घेतात, कारण तो स्वस्त असतो. चष्मा घ्यावाच, पण सर्वांत जास्त जखमा पायाला होतात, तेव्हा पहिला मान पायाच्या कपड्याला द्या.

हा कपडा दोन तऱ्हेचा मिळतो. एक पूर्ण पँट, आणि दुसरा समोरून बांधायचा, गुरे वळणाऱ्याच्या कातडी पट्ट्यासारखा. आपल्या पायजम्यावर हा दुसरा प्रकार सहज बांधता येतो. हा कपडा जाड असतो म्हणून वाचवतो, असा समज आहे. तो खरा नाही. जाड कापड साखळी सहज फाडते. या कपड्याच्या आत लांब, मोकळ्या धाग्यांचे थर असतात. साखळी वरचे कापड फाडते, आतले धागे ओढून घेते, ते धागे यंत्राच्या दातेरी चाकाभोवती गुंडाळले जातात आणि साखळी जागच्या जागी थांबते. मोटरसायकलच्या चाकात दुपट्टा अडकला की चाक कसे जाम होते, तेच येथे मुद्दाम घडवून आणलेले असते.

यावरून तीन गोष्टी लक्षात येतील. पहिली, एकदा कापला गेलेला कपडा शिवून पुन्हा वापरायचा नाही. त्याचे काम झाले. दुसरी, घरी गोणपाटाचे चार पदर शिवून असा कपडा तयार होत नाही. तिसरी, बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्या करवतीचा जोर पेट्रोलच्या यंत्रापेक्षा वेगळा असतो, आणि धाग्यांनी ती थांबेलच अशी खात्री धरता येत नाही. तेथे कपडा घालाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कपडा घेताना लेबल पाहा. त्यावर करवतीचे चित्र आणि आय.एस.ओ. ११३९३ हा आकडा असतो. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगापर्यंत तपासलेला, वर्ग २ म्हणजे २४ मीटरपर्यंत. घरच्या मध्यम यंत्राला वर्ग १ चालतो.

पायात चामड्याचा, पुढे लोखंडी टोपी असलेला, तळाला खाचा असलेला बूट हवा. चप्पल घालून करवत हातात घेऊच नये. साधा पावसाळी गमबूट पायाला चिखलापासून वाचवतो, साखळीपासून वाचवत नाही.

डोके, डोळे, कान, हात

डोक्यावर कारखान्यात किंवा जंगलात वापरतात तसे कडक टोप घाला. वरची वाळकी फांदी आधी सुटून डोक्यात बसते, हे सल काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोटरसायकलचे हेल्मेट यासाठी वापरू नका. त्यातून वरचे आणि बाजूचे नीट दिसत नाही, आणि वाफेने काच धूसर होते.

टोपाला पुढे जाळी लावलेली मिळते. ती मोठे ढलपे अडवते, बारीक भुसा अडवत नाही. म्हणून जाळीच्या आत बाजूने बंद असलेला चष्मा घालावा. उन्हाचा काळा गॉगल ही त्याची जागा नव्हे.

कानाकडे आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो, कारण तेथे रक्त येत नाही. पेट्रोल करवतीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी १०० ते ११० डेसिबल असतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे मिळतात. पंधरा मिनिटांत एका झाडाचीही सल निघत नाही! कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. कान पूर्ण झाकणारे मफ घ्या. मफ घातल्यावर मागून मारलेली हाक ऐकू येत नाही. म्हणून सोबत्याने नेहमी समोर, करवतीपासून दूर उभे राहावे आणि हाताने खूण करावी. मागून येऊन खांद्याला हात लावू नये.

हातात पकड सुटणार नाही असे चामड्याचे मोजे हवेत. डाव्या हाताच्या पाठीवर संरक्षक थर असलेले मिळाले, तर उत्तम. मोज्याने हादराही थोडा कमी बसतो. रोज तासन् तास करवत धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात. तसे होऊ लागले, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आता काय घालू नये, तेही सांगतो. दुपट्टा, मफलर, लोंबते उपरणे, धोतराचा सोगा, लुंगी, सदऱ्याच्या मोकळ्या बाह्या, हे सर्व दूर ठेवा. भगिनींनी करवत हाती घेतली, तर पदर घट्ट खोचून, वर शर्ट घालून आणि बांगड्या उतरवून घ्यावी.

‘दोनच तर फांद्या आहेत’

आपण म्हणाल, साहेब, एवढा साज चढवायला दहा मिनिटे जातात आणि काम असते पाच मिनिटांचे. हेच वाक्य मी स्वतः म्हटलेले आहे. घरामागच्या कडुनिंबाची एक फांदी टिनावर टेकत होती. सुटीचा दिवस, पायात चप्पल, अंगात पायजमा. दिवसभर लोकांना सांगणारा मी, करवत उचलली आणि कापायला लागलो. फांदी सुटली, करवत खाली आली आणि पायजम्याची पोटरीवरची कड साखळीने नेली. कातडीला नुसते खरचटले. दोन बोटे इकडे असती, तर आज मी आपल्यासमोर उभा राहून बोललो नसतो. मोठ्या कामाला आपण तयारीने जातो. घात होतो तो दोन फांद्यांच्या कामात. म्हणून नियम असा करा, की सामान आणि करवत एकाच खुंटीला टांगायची. एक काढले, की दुसरे हातात आलेच पाहिजे.

दुसरी तक्रार उकाड्याची. ती खोटी नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्याची कारणे अनेक होती. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, जोरदार पंप, आणि अंगावर पुरेसे संरक्षण नसणे. त्या उकाड्यात अंग झाकून फवारणे किती कठीण असते, हे वावरात उतरलेल्यालाच कळते. त्यापासून आपण शिकायचे ते हे, की नुसते सामान दिले म्हणून ते घातले जात नाही. ते घालता येईल अशी कामाची वेळ ठरवावी लागते. फवारणीला किडीची घाई असते. फांदी दोन दिवस थांबू शकते. आंबियाची सल थंडीतच निघते, तेव्हा उकाड्याची सबब उरत नाही. मृगाची फळे उतरल्यावरचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी दहाच्या आत उरकावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत करवत बंद ठेवा. अगदीच नड असली, तर पहाटे तासभर काम करा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी टोप काढून पाणी प्या.

सामान घातले तरी हे पाळा

सामान ही शेवटची भिंत आहे. तिच्यापर्यंत करवत येऊच नये, म्हणून करवत जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून दोरी ओढा. हवेत धरून सुरू करू नका. दोन्ही हातांनी धरा, डावा अंगठा मुठीखालून घाला. खांद्याच्या वर कापू नका. शिडीवर किंवा झाडावर चढून कापू नका. तेथे हातआरी बरी. यंत्र थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका. पोरे आणि जनावरे दूर ठेवा. एकट्याने काम करू नका.

एवढे करूनही जखम झाली, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून जोराने दाबून धरा. कापड भिजले, तर काढू नका. वरून दुसरे ठेवा आणि दाब सोडू नका. हळद, चुना, राख काही भरू नका. सोबत्याने १०८ ला फोन करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

सरकारने २०२३ साली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. त्यात शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख आणि एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये ठेवलेले आहेत. ही मदत हक्काची आहे, प्रसंग आल्यास जरूर मागा. पण त्या १ लाखाने पाय परत येत नाही, आणि एका पायावर बागेला पाणी देता येत नाही.

म्हणून करवत विकत घ्यायला जाल, त्याच दिवशी, त्याच दुकानात सामान मागा. पैसे कमी पडत असतील, तर करवत एक पायरी लहान घ्या, पण सामान पूर्ण घ्या. दोघा-तिघांनी मिळून घेतलेत, तरी चालेल. एका वेळी करवत एकच माणूस चालवतो. आणि सल काढून झाली, की मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका. झाडाच्या जखमेची काळजी आपण घेतो, तेवढीच आपल्या अंगाचीही घ्यावी.

थोडक्यात

१. पाय, डोके, डोळे, कान, हात झाकल्याशिवाय करवत सुरू करायची नाही.
२. पहिला खर्च पायाच्या कपड्यावर. कापला गेला, की नवीन घ्या.
३. काम दोन फांद्यांचे असो की वीस झाडांचे, नियम तोच.
४. काम थंडीत किंवा सकाळी. एकट्याने कधीही नाही.
५. रक्त आल्यास दाबून धरा आणि १०८ ला बोलवा.