शोध व बचाव सेवा : खाजगीकरणाची मर्यादा कोठे?

(बीरगांव, रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, उरल्याच्या कारखान्यांशेजारी बसून ‘हेलिकॉप्टरद्वारे शोध व बचाव’ या विषयाचा विचार करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या दोन दशकांत बस्तरच्या जंगलात जखमी झालेले कितीतरी जवान हेलिकॉप्टरनेच रायपूरच्या रुग्णालयांत आणले गेले. त्यांच्या दृष्टीने हा विषय जीवनमरणाचा होता. ही सेवा लष्कराने द्यावी की खाजगी कंपनीने, हा आजचा प्रश्न आहे.

या बाबतीत सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथे वायुदल व नौदल यांची हेलिकॉप्टरे अनेक दशके बचावकार्य करीत होती. मूळ हेतू अपघातग्रस्त लष्करी वैमानिकांना वाचविण्याचा होता. कालांतराने बहुतेक हाका मच्छीमार, गिर्यारोहक व रुग्ण यांच्याच येऊ लागल्या. सी किंग हेलिकॉप्टरेही जुनी झाली होती. मार्च २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रिस्टो या कंपनीशी सुमारे १६० कोटी पौंडांचा करार केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये वायुदलाने व १ जानेवारी २०१६ रोजी नौदलाने हे काम थांबविले. बारा तळांची जागा दहा तळांनी घेतली.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, हा बदल एका रात्रीत झालेला नाही. तेथील तटरक्षक संस्था १९८३ पासूनच काही तळांवर कंत्राटी हेलिकॉप्टरे वापरीत होती. म्हणजे तीस वर्षांचा अनुभव हाताशी होता. शिवाय याआधीची एक निविदा प्रक्रिया गैरप्रकार उघडकीस आल्यामुळे २०११ मध्ये रद्द करावी लागली होती. दुसरी, हेलिकॉप्टर व कर्मचारी कंपनीचे असले, तरी ते केव्हा व कोठे पाठवावयाचे हा निर्णय शासकीय यंत्रणेकडेच राहिला. सेवा कंत्राटाने दिली गेली. जबाबदारी दिली गेली नाही.

भारतातील व्यवस्था

भारतात ही जबाबदारी विभागलेली आहे. सागरी शोध व बचावाचे समन्वयन तटरक्षक दल करते. मुंबई, चेन्नई व श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे त्याची समन्वय केंद्रे आहेत. अपघातग्रस्त नागरी विमानांच्या शोधाचे समन्वयन भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मात्र प्रत्यक्ष उड्डाणांसाठी त्याला प्रामुख्याने सैन्यदलांवरच विसंबावे लागते. आपत्तीच्या वेळी नागरी प्रशासनाच्या मागणीवरून सैन्यदले साहाय्य करतात.

या साहाय्याचे मोल आपण पाहिले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईनजीक ‘पी-३०५’ ही तराफानौका बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने युद्धनौका व हेलिकॉप्टरे यांच्या साहाय्याने वाचविले. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातील त्रिकूट पर्वतावर रोपवेच्या ट्रॉल्यांत अडकलेल्यांना वायुदलाने दोरांच्या आधारे वर खेचून घेतले. त्यांतही काहींचे प्राण गेले, यावरून या कामातील जोखीम कळावी.

लष्करी सेवा विनामूल्य असते, हा समजही बरोबर नाही. हवाई साहाय्याचा खर्च राज्यांकडून वसूल करण्याची पद्धत आहे. २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे २००६ पासूनच्या अशा साहाय्यापोटी सुमारे १३२ कोटी रुपयांची मागणी केली, तेव्हा मोठा वाद झाला.

आपल्याकडील नागरी हेलिकॉप्टर सेवेची प्रमुख कंपनी म्हणजे १९८५ मध्ये स्थापन झालेली पवनहंस. तीत सरकारचा ५१ टक्के व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा ४९ टक्के वाटा आहे. २०२२ मध्ये सरकारचा वाटा २११ कोटी रुपयांना विकण्याचे ठरले. परंतु खरेदीदार समूहातील एका सदस्याविरुद्धच्या न्यायाधिकरणाच्या आदेशामुळे ही प्रक्रिया २०२३ मध्ये गुंडाळावी लागली. खरेदीदाराची पात्रता तपासणे हे किंमत ठरविण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा यातील धडा.

मर्यादेची रेषा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जानेवारी २०१३ मध्ये सुकमा जिल्ह्यात जखमींना आणावयास गेलेल्या वायुदलाच्या एम.आय.-१७ हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला व ते जंगलात उतरवावे लागले. अशा ठिकाणी कोणती कंपनी जाईल? कोणता विमा तिला संरक्षण देईल? सैनिकाला आज्ञा देता येते. कंत्राटदारास केवळ कराराची आठवण करून देता येते. म्हणून गोळीबाराचे क्षेत्र आणि महाआपत्ती या दोन ठिकाणी सैन्यदलांना पर्याय नाही.

याउलट दुर्गम भागातील रुग्ण हलविणे, तीर्थयात्रेतील वा गिर्यारोहणातील अपघात, समुद्रातील तेलविहिरींवरील आजारी कामगार अशी नित्याची कामे नागरी सेवेकडे देता येतील. त्यामुळे लष्करी वैमानिकांना मूळ कर्तव्यासाठी वेळ मिळेल. मात्र त्यासाठी तीन अटी हव्यात. मोबदला उड्डाणांच्या संख्येवर नव्हे, तर चोवीस तासांच्या सज्जतेवर द्यावा. अन्यथा कंपनी नको तेथे उडेल किंवा खर्चाच्या भीतीने थांबेल. उड्डाणाचा आदेश शासकीय केंद्राने द्यावा, पण हवामान प्रतिकूल असल्यास नकार देण्याचा वैमानिकाचा अधिकार अबाधित राहावा. आणि कंपनीने काम सोडल्यास सेवा खंडित होऊ नये, यासाठी सैन्यदलांकडील किमान क्षमता मोडीत काढू नये. एकदा विखुरलेली प्रशिक्षित तुकडी पुन्हा उभी करण्यास अनेक वर्षे लागतात.

मित्रहो, परीक्षेत ‘खाजगीकरण योग्य की अयोग्य’ असा प्रश्न आला, तर एका शब्दात उत्तर देऊ नका. काम कोणते, जोखीम कोणाची आणि अखेरची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न आधी विचारा. उद्या तुमच्यापैकी कोणी जिल्हाधिकारी होईल आणि मध्यरात्री पुराच्या पाण्यातून कोणीतरी हाक मारील. त्या माणसाला हेलिकॉप्टरवर कोणाचे नाव लिहिले आहे याच्याशी कर्तव्य नसेल. ते वेळेवर आले की नाही, याचे उत्तर मात्र शासनाच्या वतीने तुम्हालाच द्यावे लागेल.