चिखलातून चाला

मला दिलेला विषय आहे 'हिवाळ्यातील युटा : एक मोटारप्रवास'. थोडं प्रवासवर्णन ऐकायला मिळेलही. पण मी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं, त्यामुळे कडे आणि कमानी सांगता सांगता ही बाई जमिनीवर येणार, असं माझ्या मैत्रिणीने आधीच जाहीर करून टाकलं आहे. ती डेन्व्हरला राहते. गाडी तिची, चालवायची तीच, डबाही तिचाच. माझ्याकडे नकाशा आणि उपदेश.

जानेवारी महिना. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आधी रॉकी पर्वत ओलांडायचा. सुमारे ३४०० मीटर उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा मागे पडला की उतार लागतो, बर्फ विरळ होत जातो आणि दुपार कलताना लाल दगड दिसू लागतो. मुक्काम मोआब गावात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं इथून जवळ. वाळवंट म्हटलं की आपल्याला घाम आठवतो, पण हे वाळवंट बऱ्याच उंचीवर आहे. रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, दुपारी अंगाला बरं वाटेल असं ऊन असतं, पाच-साडेपाचला सूर्य बुडतो. आणि माणूस नाही. उन्हाळ्यात जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे आम्ही दोघीच.

आता माझ्या विषयाकडे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काळपट, खडबडीत, जागोजागी फुगून वर आलेली माती दिसते. नवख्याला तो वाळलेला चिखल वाटतो. ती माती जिवंत आहे. तिच्यात मायक्रोकोलियस नावाचे नीलहरित जीवाणू असतात. ओल मिळाली की ते वाळूच्या कणांमधून सरकतात आणि मागे चिकट धागे सोडतात. धाग्यांत कण अडकतात, थर धरतो. मग त्यावर दगडफूल येतं, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचेच भाऊबंद, आणि मॉस येतं. हा थर वाऱ्याने वाळू उडू देत नाही, पावसाने जमीन धुपू देत नाही आणि हवेतला नत्र मातीत आणून ठेवतो. तिथल्या झुडपांचं पोट त्यावर चालतं.

शेणाने सारवलेलं घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे चटकन कळेल. शेणातले गवताचे तंतू धूळ धरून ठेवतात, म्हणून जमीन उडत नाही. हे वाळवंटाचं सारवण आहे. आपल्याकडे पोपडे निघाले, सण तोंडावर आला, की आई पुन्हा बादली घेऊन बसायची आणि दुपारपर्यंत घर नवं. इथे सारवणारे हात डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ओल मिळेल तेव्हाच ते काम करतात. ओल तर वर्षातून मोजके दिवस. एका बुटाने मोडलेल्या जागी पातळ थर काही वर्षांत धरू लागतो, पण दगडफूल आणि मॉस परत यायला कित्येक दशकं जातात. तुमच्या नातवाला तुमच्या बुटाची जागा दाखवता येईल, एवढा वेळ.

मेसा आर्चला आम्ही पहाटे गेलो. ही कमान कड्याच्या अगदी काठावर आहे, आणि सूर्य वर येताना खालच्या कड्यावरचा उजेड कमानीच्या पोटावर पडून ते केशरी होतं. मैत्रिणीला कमानीच्या चौकटीत मागचा ला साल पर्वत नेमका बसवायचा होता. त्यासाठी चार पावलं वाट सोडायला हवी होती. ती म्हणाली, "अगं, कोण बघतंय इथे?" मी म्हटलं, "मी बघतेय ना." ती थांबली, पण नाश्त्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. चालायचंच.

गर्दीच्या दिवसांत चार माणसं तुमच्याकडे पाहत असतात. हिवाळ्यात ती नसतात, म्हणून धोका हिवाळ्यात जास्त. दुसरी गोष्ट, आणि ही नीट ऐका, कारण पाटीवर लिहिलं तरी कुणी वाचत नाही. दुपारी बर्फ वितळतो आणि पायवाटेच्या मधोमध राड होते. नवे बूट घातलेला माणूस काय करतो? कडेने जातो. दुसऱ्या दिवशी कडही बरबटते, मग पुढचा आणखी बाजूने. एका माणसाची वाट तिघांची होते आणि दोन्हीकडचं सारवण जातं. म्हणून सांगते, चिखल लागला तर त्याच्या मधून जा. बाजूने नको. मधून.

बर्फ पडल्यावर तर वाटच दिसत नाही. कालच्या कुणाच्या पावलांमागे जावं, तर तो बिचारा स्वतःच चुकलेला असायचा. उघड्या खडकावर दगडांचे छोटे ढीग रचून खुणा केलेल्या असतात, त्या शोधायच्या. हौस म्हणून आपला ढीग रचायचा नाही; मागून येणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. खूणच सापडली नाही तर उघड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या वाळूवरून चाला. तिथे पाऊल पडल्याने काही मोडत नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना वळण कापून सरळ उतरायची खोड असते, ती इथे नेऊ नका.

साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फोटोसाठी माणसं फुलांत शिरतात, हे आपण पाहिलं आहे. तिथे फूल तुडवलं तर निदान दिसतं. इथे काय तुडवलं ते तुडवणाऱ्याला कळतच नाही. आर्चेसमध्ये २००८ साली वॉल आर्च नावाची मोठी कमान एका रात्रीत कोसळली, तिची सगळीकडे बातमी झाली. वास्तविक कमानी आपल्या आपण पडतात, नव्या तयार होतात, त्यात कुणाचा दोष नाही. पायाखालचा थर मोडला त्याची बातमी कोण देणार?

तुम्ही म्हणाल, मूठभर मातीचं किती कौतुक! तर ऐका. सारवणाचा पोपडा निघाला की खालची धूळ मोकळी होते. वसंतातले वारे ती उचलून रॉकी पर्वताच्या बर्फावर नेऊन टाकतात. मळका बर्फ ऊन जास्त शोषतो, वेळेआधी वितळतो. त्याच बर्फाचं पाणी कोलोरॅडो नदीला येतं आणि सुमारे चार कोटी लोक त्या नदीवर जगतात. एका बुटाने हे घडत नाही, मान्य. गुरं, गाड्या, खोदकाम यांचा वाटा मोठा आहे. पण गुरांना रेडिओवरून सांगता येत नाही, तुम्हाला येतं.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवली जात आहेत. म्हणजे दोन मिनिटं. बाकीचं भरभर.

डेलिकेट आर्च, जी युटातल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर असते, तिथवर जाऊन येऊन साधारण पाच किलोमीटर. शेवटचा टप्पा कड्याच्या अंगाने आहे आणि सावलीत बर्फ टणक झालेला असतो. बुटाला चढवायचे खिळ्यांचे पट्टे न्या. पुढे कॅपिटॉल रीफ. तिथे मॉर्मन वसाहतकारांनी लावलेल्या फळबागा आजही आहेत. मग बारा नंबरचा रस्ता. तो सुमारे २९०० मीटरपर्यंत चढतो, म्हणून निघण्यापूर्वी हवामान विचारा. ब्राइस कॅन्यनचे सुळके तर हिवाळ्याचीच करणी. दिवसा पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फुटतो. त्या सुळक्यांवर खरं म्हणजे वेगळं भाषण... ते राहू दे. झायनमध्ये उन्हाळ्यात आतल्या रस्त्यावर बसनेच जावं लागतं, हिवाळ्यात बराच काळ स्वतःची गाडी नेता येते. एंजल्स लँडिंगच्या साखळ्यांच्या वाटेला २०२२ पासून परवाना लागतो. आम्ही खालूनच पाहिलं आणि डबा खाल्ला.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा, हिवाळ्यातच जा, सोबत कुणाला तरी न्या. जुने बूट घाला, गाडीत चार जुनी वर्तमानपत्रं ठेवा आणि चिखलाचे बूट त्यांवर काढा. पण वाटेवर चिखल आला तर, तिसऱ्यांदा सांगते, मधूनच जा.