सायकलच्या तारा आणि त्यांचा ताण



बैलगाडीचं चाक आपल्या रोजच्या पाहण्यातलं. तुंब्यावरचा भार त्याचे खालचे लाकडी आरे खांबांसारखे पेलतात. सायकलची तार मात्र बोटानं दाबली तरी लवते. मग तिच्यावर माणूस आणि मागं धान्याचं पोतं तरतं कसं?

उत्तर एकच : ताण. सगळ्या तारा आधीच ओढून बसवलेल्या असतात. जुन्या उंच सायकलीला बहुधा पुढं ३२ आणि मागं ४०. चाक जमिनीला टेकतं तिथल्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो, चाक पुढं सरकलं की पूर्ववत होतो. तारा ढिल्या असल्या तर या फेऱ्यात त्या हिसके खातात आणि तुंब्यापाशी, वाकवलेल्या जागी, तुटतात. एक तुटली की चाक आउट होतं, ब्रेकला घासू लागतं. हे उतारावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं!

आउट काढायचा कसा? आदल्या रात्री रिमपाशी तारांच्या टोकांवरच्या छोट्या टोप्यांना, म्हणजे निपलांना, तेलाचा थेंब द्या. सकाळी सायकल उलटी करा, खडू चिमट्याला टेकवून रिमजवळ स्थिर धरा नि चाक हळू फिरवा. खडू उमटेल तिथं रिम त्या बाजूला झुकली आहे. तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा, खडूच्या बाजूच्या तेवढ्याच सैल करा. टायरकडून पाहिलं तर निपल घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरवल्यानं तार आवळते. पुन्हा चाक फिरवून पाहा. घाई नको.

मी स्वतः एकदा 'ढिली दिसली की आवळ' असा सपाटा लावला. संध्याकाळपर्यंत चाक अंड्यासारखं झालं, आणि सायकल खांद्यावर घेऊन दुकान गाठावं लागलं! सैल करणंही दुरुस्तीच असते, हे त्या दिवशी समजलं. रिमच ठेचली असेल, तर मात्र तारांचा इलाज चालत नाही.

शेवटी टायर काढून पाहा. तारेचं टोक निपलाबाहेर आलं असेल तर कानशीनं घासा, नाहीतर ट्यूब पंक्चर व्हायचीच.

शिक्षकमित्रांनो, वर्गात एक चाक न्या. मुलांना तारा छेडू द्या. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा हवा. मागच्या चाकात साखळीकडच्या तारा जास्त ताठ, म्हणून त्यांचा सूर चढा. ढिली तार बद्द वाजेल. ती कोणती, हे मुलंच तुम्हाला दाखवतील.