परतणारे अवकाशयान का तापते?

अवकाशयान पृथ्वीवर परतताना लालबुंद का होते, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, "हवेच्या घर्षणाने!" हे उत्तर अगदीच चूक नाही, पण मुख्य गोष्ट त्यात राहून जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे आपण अनुभवले आहे. हवा एकदम दाबली की ती तापते. यानाचेही तसेच. ते सेकंदाला जवळजवळ 8 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. समोरच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती यानापुढे दाबली जाते आणि हजारो अंश तापते.

आता पुढची गंमत पाहा. हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे अणू जोडीजोडीने नांदत असतात. एवढ्या उष्णतेत ऑक्सिजनच्या बहुतेक जोड्या फुटतात, नायट्रोजनच्याही काही फुटतात. जोडी फोडायला ऊर्जा खर्च होते. जोडी पुन्हा जुळली, की तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. मग जोडी जुळते कुठे, याला मोठे महत्त्व येते.

उंचावरची हवा विरळ. सुटे झालेले अणू एकमेकांना भेटण्याआधीच यानाच्या अंगाला येऊन भिडतात. यानाचा पृष्ठभाग मध्यस्थी करणारा असेल, तर तिथेच सोयरीक जुळते आणि सगळी उष्णता यानाच्या पदरी पडते. अशा मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. तेलाचे वनस्पती तूप करताना निकेल हेच काम करते. जुळवून देते आणि स्वतः तसेच राहते. पुष्कळ धातू असे हौशी मध्यस्थ असतात. काच मात्र या बाबतीत बरीच उदासीन.

अमेरिकेच्या स्पेस शटलच्या पोटाला सिलिकाच्या हलक्या फरश्या कौलांसारख्या बसवलेल्या असत आणि त्यांवर काळ्या काचेचा लेप असे. नोव्हेंबर 1981 मध्ये कोलंबिया यानाच्या दुसऱ्या उड्डाणात मोजक्या फरश्यांवर मुद्दाम उत्प्रेरक लेप दिला होता. वेग तोच, हवा तीच. तरी त्या फरश्या शेजारच्या फरश्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापल्या!

म्हणून यानाचे कवच ठरवताना पृष्ठभागाचा स्वभाव ओळखावा लागतो. उष्णता जास्त धरली तर यान उगाच जड होते. कमी धरली तर प्राणांशी गाठ. याच कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेला 2003 साली उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा आदळून भोक पडले. 1 फेब्रुवारीला परतताना तप्त वायू त्यातून आत शिरला आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. तिथे दोष उत्प्रेरणाचा नव्हता. पण या उष्णतेपुढे चुकीला किती थोडी जागा असते, हे जगाला दिसले.

शिक्षक बंधुभगिनींनो, "घर्षण" हे उत्तर आले की तिथेच थांबू नका. वर्गात पंप आणा, मुलांना टोकाला हात लावू द्या. मग विचारा, "उष्णता आली कुठून, आणि गेली कुठे?" खरा विज्ञानाचा तास तिथून सुरू होईल.