द्राक्षासवाची चव आणि आपले शब्द



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा गावात थोडी कुजबूज झाली, असे मला येथे आल्या आल्या सांगण्यात आले. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणे होते, तेथे हा गृहस्थ वाइनच्या चवीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. दारूने बसलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वाइन झाली तरी तिच्यात शंभरात बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो, आणि मद्याचे निर्धोक म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा कोणी पेला हाती घ्यावा म्हणून मी आलेलो नाही. मला बोलावयाचे आहे ते चवीविषयी आणि चवीला आपण देतो त्या नावाविषयी. अर्धापूरला या प्रश्नाशी कर्तव्य आहे, ते कसे हे पुढे येईलच.

काही वर्षांपूर्वी पाहुण्यांबरोबर नाशिककडील एका वाइनच्या कारखान्यात जाण्याचा योग आला. दाखवणारा तरुण मोठा तयारीचा होता. 'कॅबर्ने सॉव्हिन्यॉन' या काळ्या द्राक्षाची वाइन पुढे करून तो म्हणाला, "हिला ब्लॅककरंटचा वास आहे." आम्ही सहाही जणांनी माना डोलावल्या. बाहेर पडल्यावर मी विचारले, "ब्लॅककरंट कोणी पाहिले आहे काय?" एकानेही पाहिले नव्हते! आइसक्रीमच्या दुकानात नाव ऐकलेले, एवढीच ओळख. फ्रान्समधला माणूस त्या फळाचे नाव घेतो ते योग्यच आहे; ते त्याच्या परसातले आहे. पण आपल्या परसात जांभूळ असताना आपण मान डोलवावी कशाला? तोच गर्द रंग, तीच आंबटगोड चव, आणि मागून जिभेला आखडून धरणारा तोच तुरटपणा.

नंतर एक ताजी पांढरी वाइन आली. तिचा वास घेताच मला पिकल्या केळ्याची आठवण झाली. हसतील या भीतीने मी हळूच तसे म्हटले. तो तरुण म्हणाला, "काका, अगदी बरोबर!" त्या वाइनमध्ये कोणी केळे कुस्करलेले नसते. द्राक्षाचा रस आंबवताना किण्व साखरेचा मद्यार्क करते, आणि जाता जाता आणखी काही सुगंधी द्रव्ये घडवते. त्यांपैकी एकाचे नाव आयसोअमाइल ॲसिटेट. आपल्या घडातल्या पिकल्या केळ्याचा घमघमाट मुख्यत्वे याच द्रव्याचा. रस थंड टाकीत सावकाश आंबवला म्हणजे ते टिकते, आणि बाटली जुनी होऊ लागली की विरत जाते. फ्रान्समधल्या बोजोले प्रांतातील कोवळ्या तांबड्या वाइनलाही हाच वास येतो.

म्हणजे वाइनची ही वर्णने सगळीच कवीची कल्पना नव्हेत. 'शिराझ'च्या वाइनला मिऱ्याचा वास येतो असे लोक पूर्वीपासून म्हणत. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी त्याचे मूळ शोधून काढले. 'रोटंडोन' नावाचे एकच द्रव्य शिराझच्या द्राक्षातही आहे आणि काळ्या मिऱ्यातही आहे. गंमत अशी, की सुमारे पाचांत एका माणसाला त्याचा वास येतच नाही. तेव्हा शेजाऱ्याला मिरे लागले आणि आपल्याला लागले नाही, तर दोघेही खरे बोलत असतात. 'सॉव्हिन्यॉन ब्लाँ'मध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो, तो मिरचीतल्याच पायरॅझिन नावाच्या द्रव्याचा. द्राक्षाला ऊन लागून ते पिकत गेले की हा वास कमी होतो. त्याच वाइनमधला पेरूचा वास गंधकयुक्त द्रव्यांचा, आणि ती गुलाबी पेरूतही सापडली आहेत. मस्कत जातीच्या द्राक्षात लिनालूल असते. आपल्या धण्याच्या तेलात मुख्य भाग त्याचाच. 'शार्दोने' बिचारे स्वभावाने अबोल. त्याच्यातला लोण्याचा वास जिवाणूंनी केलेला आणि लवंगेचा वास बहुधा ओकच्या पिंपातून आलेला.

तांबड्या-पांढऱ्यातला मुख्य भेद मात्र जिभेवर कळतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. पांढरी वाइन करताना रस आधी पिळून घेतात. तांबडीत साली आणि बिया रसाबरोबरच आंबतात, आणि रंगासोबत टॅनिन उतरते. ते लागते तुरट. येथे मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो. आयुर्वेदाने सहा रसांत कषाय रसाला मानाचे पान दिले आहे, आणि सुपारी किंवा कच्चे केळे तोंडात धरलेले आपले चार वर्षांचे पोरही 'तुरट' हा शब्द अचूक वापरते. कच्च्या केळ्यातही टॅनिनच असते. पिकताना ते जिभेला लागेनासे होते.

डोळा मात्र जिभेला फसवतो. २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथील प्रयोग प्रसिद्ध आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन आणि तीच बेमालूम तांबडा रंग दिलेली, अशा दोन ठेवल्या. रंगीत वाइनचे वर्णन विद्यार्थ्यांनी तांबड्या वाइनचे शब्द वापरून केले. पंडितांची ही गत, मग आम्ही सहा जणांनी माना डोलावल्या यात नवल ते काय?

द्राक्षाचे हे शास्त्र आपल्या मुलखाला अगदीच परके नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षमद्याची नावे सांगताना, ते ज्या देशचे त्या देशावरून त्याचे नाव पडते, असे नोंदवले आहे; कापिशायन हे त्यांतले एक. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षे पाहिली आणि तेथे वर्षातून दोन बहर येतात असे लिहिले. आजही आपला बागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची फळछाटणी. त्यामुळे फळ थंडीत पोसते. नाशिककडे थंड रात्रींनी द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणावाचून वाइन म्हणजे नुसते मचूळ पाणी.

पण चव असली म्हणजे भाव मिळतोच असे नाही. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, वाइनच्या जातींची लागवड वाढली. २००८ नंतर मागणी बसली, तेव्हा नाशिक भागातल्या कित्येकांनी तेच वेल उपटून खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली. वाइनची द्राक्षे दुसऱ्या कोणाला विकावी, तर त्यांना गिऱ्हाईक नाही. खाणाऱ्याला ती बारीक आणि बियांची लागतात.

आता आपल्या गावाकडे येतो. 'अर्धापुरी' ही केळ्याची जात आपल्या गावाचे नाव घेऊन आहे. कापिशीच्या मद्याला मिळाला तो मान तिला मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. पण तिची चव कशी, असे परगावच्या पाहुण्याने विचारले तर आपण काय सांगतो? "गोड आहे." बसरईही गोड, ग्रँड नैनही गोड! व्यापारी क्विंटलवर भाव करतो, वासाचा शब्द त्याच्या वहीत नाही. आणि तो आपल्याही तोंडी नसला तर त्याच्या वहीत यावा कोठून?

म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर अर्धापुरीची एक कच्ची फणी टांगून ठेवा, आणि शक्य झाल्यास पिकवण कोठीतून आलेली दुसऱ्या जातीची फणीही शेजारी ठेवा. रोज दोहोंतले एकेक केळे घरातल्या सर्वांनी डोळे मिटून चाखावे. तुरटपणा कोणत्या दिवशी गेला, आंबूस झाक कोठे आली, मधाचा वास कोणत्यात आणि नुसती साखर कोणत्यात, हे मुलांना वहीत लिहू द्या. आजीचे शब्द वेगळे येतील, नातवाचे वेगळे येतील, दोन्ही ठेवा. त्या वह्या वाचनालयात जमा झाल्या तर मी त्या वाचावयास पुन्हा येईन, पदरमोड करून येईन.