चक्रीफुलाचे झाड आणि आपले रान
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या काळ्या मसाल्यात चक्रीफूल पडते. कोणी त्याला बाद्यान म्हणतात. नाव फुलाचे, पण आहे ते फळ. हिरवे असतानाच तोडून उन्हात वाळवतात. पोटातला वारा आणि खोकला यांवर त्याचा काढा जुन्या काळापासून चालत आला आहे. त्याचा वास ज्या ॲनेथोलमुळे येतो, तेच आपल्या बडीशेपेतही असते.

हा विषय आज काढला, कारण रोपे विकणारे गावोगाव फिरतात. सुगंधी, सदाहरित, औषधी, एकदा लावा आणि पिढ्यान्‌पिढ्या खा, अशी त्यांची भाषा. असे चक्रीफुलाचे रोप कोणी दाराशी आणले तर आम्ही एवढेच विचारू: पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या रानात हे जगेल का? झाड मूळचे दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या दमट डोंगरांतले. त्याचा एक भाऊबंद अरुणाचलात पश्चिम कामेंग आणि तवांगच्या जंगलात आहे. मोनपा लोक त्याला लिस्सी म्हणतात, फळे वेचून वापरतात, विकतात. आपल्याकडे पाऊस ५००-५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही मध्येच महिनाभर दडी मारणारा. कपाशीलाच पाणी नाही, तिथे या झाडाला टँकर कोण घालणार? आणि फळ धरायलाच पाच-सहा वर्षे!

बरे, भावाचे काय? २००५ साली बर्ड फ्लूची धास्ती पसरली. त्यावरच्या टॅमिफ्लू औषधाला लागणारे शिकिमिक आम्ल तेव्हा मुख्यतः याच फळातून काढत. मागणी एकदम चढली. पुढे कारखान्यांनी तेच आम्ल टाक्यांत जिवाणू वाढवून काढायचे वाढवले. टाकीला पाच-सहा वर्षे थांबावे लागत नाही. झाड लावणाऱ्याला लागते. (हे आम्ल सगळ्याच वनस्पती स्वतःच्या वाढीसाठी बनवत असतात. ग्लायफोसेट नेमके तेच काम पुढे अडवते, म्हणून तण वाळते.)

मायबहिणींना एक वेगळे सांगणे. जपानी चक्रीफूल दिसायला असेच, पण विषारी. लोक आजारी पडल्यावर २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नका, असा इशारा दिला. आजाऱ्यांत तान्ही बाळेही होती. मसाल्यात चिमूट पडते ती पडू द्या, बाळाला काढा मात्र पाजू नका.

रोपेवाला आला तर त्याला म्हणावे, जिल्ह्यातल्या कोरडवाहू रानात फळ धरलेले एक झाड दाखव. दाखवले, तरी राहुरीच्या कृषी विद्यापीठात विचारून या. तोवर इसार देऊ नका.